परशुराम धुरी याने माझ्या मुलास बांधून ठेवले त्याबाबत

दि. १६ मे १९५८

मी मथुरा गुणाजी पराडकर, वय अंदाजे ४२ वर्षे, धंदा शेतकाम, राहणार कोंडवाडी, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी पती गुणाजी व मुलगा दत्ताराम, वय २०, यांच्यासह राहत होते. घरामागे आमची विहीर आहे. ती तीन वर्षे फळ्या टाकून बंद होती. आत पालापाचोळा कुजला होता. यंदा गाळ काढण्याचे पतीने ठरविले.

आमचे शेजारी परशुराम धुरी हे मुंबईस गटारखात्यात अठरा वर्षे कामास होते. तेथे भुयारात उतरण्यापूर्वी दिवा सोडून हवा पाहत; दिवा विझला तर कोणी उतरत नसे. गावी आल्यापासून ते घरोघरी जाऊन विहिरी तसेच पाहून देत. त्यांच्याकडे बारीक जाळीचा पितळी दिवा आहे. लोक म्हणत, पूर्वी कोंबडा सोडत तेच बरे. त्यावर ते म्हणत, "कोंबडो गेलो तर गेलो. दिवो परत पेटता."

दि. १३ रोजी ते आमच्याकडे आले व म्हणाले, "वयनी, सकाळी माका हाक मारा, मगे उतरा." मी म्हटले, "कामाच्या आरंभाक दिवो विझलो तर अपशकुन. नको." पती घरात होते. त्यांनी उतरण्याचा दोर काढून ठेवला.

दि. १४ रोजी सकाळी नऊच्या सुमारास पती दोर धरून विहिरीत उतरले. अर्ध्यावर गेल्यावर त्यांचा हात सुटला. हाक मारली, उत्तर आले नाही. मी ओरडले. परशुराम दिवा घेऊन धावत आले. दिवा दोरीने खाली सोडला, तो अर्ध्यावर विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला.

दत्ताराम काठावर चढला. परशुराम यांनी त्यास कमरेस धरून मागे ओढले. दत्ताराम म्हणाला, "माका सोड! माजो बापूस थंय आसा!" परशुराम म्हणाले, "आता जो उतरतलो तो थंयच रवतलो." दत्ताराम त्यांच्या हातास चावला. रक्त आले. परशुराम यांनी त्यास जमिनीवर पाडले व विहिरीच्या दोरानेच फणसास बांधले. गाठ मारताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी दोराचे दुसरे टोक धरून दिले.

त्यानंतर वाडीतील माणसांनी आंब्याच्या फांद्या दुसऱ्या दोराला बांधून वरखाली केल्या, घागरींनी पाणी ओतले. सुमारे एक तासाने दिवा तळापर्यंत पेटता राहिला. तेव्हा परशुराम स्वतः कमरेला दोर बांधून उतरले व पतीस वर आणले. मालवणहून डॉक्टर आले. त्यांनी पती मयत असल्याचे सांगितले.

माझे दीर काशीराम त्या वेळी कुडाळ येथे होते. ते दुसऱ्या दिवशी आले. परशुराम यांनी मुलास मारहाण करून बांधले व त्यामुळे भाऊ वाचला नाही, अशी तक्रार त्यांनी दिली. त्यांचा भाऊ गेला आहे. मला त्यांचा राग नाही. परंतु ते तेथे नव्हते, मी होते.

परशुराम यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांनी माझ्या मुलास बांधले, म्हणून आज माझ्या घरी मुलगा आहे. त्यांचे हे ऋण या जन्मी फिटणार नाही. हे तुम्ही लिहून घ्यावे.

परशुराम यांना काल सायंकाळी चौकशीसाठी येथे पोलीस ठाण्यात आणले आहे. तेव्हापासून ते जेवलेले नाहीत असे समजते. मी पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी आणली आहे. दत्ताराम भांडे घेऊन बाहेर ओट्यावर बसला आहे. त्याच्या मनगटांवर दोराचे वळ आहेत. ती पेज त्याने स्वतःच्या हाताने त्यांना द्यावी, एवढी परवानगी मिळावी.

वरील मजकूर अंमलदारांनी मला मालवणीतून वाचून सांगितला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, म्हणून अंगठा देते.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, मथुरा गुणाजी पराडकर
समक्ष सही : दत्ताराम गुणाजी पराडकर