कुलपावर क्लिक करू नको, दादा!

...नाही, तुम्ही हसा, तुमचं काय जातंय! पण तुम्हाला सांगतो, त्या चार दिवसांत कुणी माऊसला नुसता हात लावला तरी मी ओरडत धावायचो. कुलपाला घाबरणारा माणूस बघितलाय कधी? चोर घाबरतो म्हणाल, तर मी चोरच होतो ना! आणि तोही घरातला!

म्हणजे झालं काय, साल दोन हजार नऊ. मखमलाबाद रोडला आमच्या दादाची, खंडेरावदादाची, गुलाबाची नर्सरी. वेबसाइट मी केलेली. साइट एक, पण नावं तीन! का? तर दादाला 'खंडेराव नर्सरी डॉट कॉम' पाहिजे, गिऱ्हाइकाला 'नाशिक गुलाब' पटकन सापडतं, आणि नवसावहिनींना स्वतःच्या नावाचं पाहिजे, नाहीतर जेवण बंद! कुठल्याही नावानं या, दार आमचंच. पण कार्डानं पैसे भरायचे म्हटलं की सर्टिफिकेट लागतं, म्हणजे दाखला हो, की बाबांनो, साइट खरी आहे, तुमचा कार्डनंबर मधल्यामधे कुणी वाचणार नाही. आमचा दाखला एकाच नावाचा. बाकीच्या दोन नावांनी आलं की लाल इशारा, 'धोका! परत फिरा!' पुण्याच्या एक बाई फोनवर म्हणाल्या, 'अहो, तुम्ही नर्सरीवाले की भामटे?' दादा दिवसभर जेवला नाही.

मग मी असा दाखला घेतला की ज्यात सगळी नावं एकत्र बसतात. रेशनकार्डासारखं, एका कार्डावर अख्खं घर. जागा पाच, भरल्या तीन... आणि तिथं माझी बुद्धी फिरली! कारण चौथं नाव माझ्या मनात होतं. 'छाया रोझेस डॉट कॉम.' छाया म्हणजे आमची ही. आडगावला गुपचूप जागा बघून ठेवली होती, आम्हाला वेगळं व्हायचं होतं. पण दादाला सांगणार कोण? बाप गेल्यावर ज्यानं मला वाढवलं, कंप्युटरच्या क्लासला रोज सायकलवर डबलसीट सोडलं, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, आधी साइट तर तयार करू. जागा रिकामीच आहे, टाकलं नाव! बघा अक्कल! जन्म गेला एकत्र कुटुंबात, वेगळी चूल मांडायला निघालो, आणि नाव चढवलं एकत्रच्याच कार्डावर!

नवा दाखला लागला, तिन्ही नावांना साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र आलं. दादा खूश! 'ज्ञाना, हे दाबलं की काय होतं रे?' दाबून दाखवलं... आणि बघतो तर काय! आत यादी! चारही नावं, एकाखाली एक, अख्ख्या जगाला उघडी! मी खाटकन खिडकी बंद केली. 'काही नाही, आतलं मशिनरीचं असतं. कुलपावर क्लिक करू नको, दादा, बिघडतं!'

कंपनीला फोन लावला. पोरगी गोड आवाजात म्हणते, 'सर, नाव काढता येईल, टू वर्किंग डेज.' आणि वार कुठला? शुक्रवार! संध्याकाळ! म्हणजे गेलं मंगळवारवर. तोवर जुना दाखला लावावा, तर परत लाल इशारा आणि दादा उपाशी!

आणि दादानं तर प्रदर्शनच मांडलं हो! खतवाला आला, 'या, आमचं कुलूप बघा!' पोस्टमन आला, 'कुलूप बघा!' मी आपला मागून, 'क्लिक करू नको, दादा!' मग मी नेटची वायरच उपटली. 'उंदरानं काढली वाटतं,' म्हणत त्यानं परत खोचली. माऊसवर चहा सांडला. तासाभरात दादानं मेनरोडवरून आणला नवा माऊस, खालून लाल दिवा लागणारा!

सोमवारी देवळ्याहून सहादूतात्या आले, आमचे मामा. 'खंडू, कुलूप हाय ते दिसलं. पण आत काय हाय?'

'बघू की!'

मी दारातून बोंबललो, 'क्लिक करू नको, दादा!'

क्लिक.

दादानं चष्मा लावला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचतोय... 'छा...या... रो...झेस.' छाया चहाचा ट्रे घेऊन दारात थिजलेली. मी मनात, आई सप्तशृंगी, एवढ्या वेळेला सांभाळ!

दादा वळला. डोळ्यांत पाणी. 'ज्ञाना... माझ्यापासून लपवलंस?'

'दादा, मी सांगणारच होतो, पण...'

'चौथं नाव, म्हंजी नवी शाखा! आपली! तीबी छायाच्या नावानं! येड्या, एवढी चांगली गोष्ट लपवायची असते का रे?' आणि घातली की मिठी! तात्या रडले, वहिनींनी साखर वाटली, छाया माझ्याकडे बघतेय... आता बोलायला पाहिजे होतं ना मी? 'दादा, शाखा नाही ती,' एवढंच! तोंड उघडलं... आणि बाहेर काय आलं? 'हो दादा, सरप्राइज होतं.'

तर झालो आम्ही वेगळे, तुम्हाला सांगतो! आडगावच्या उद्घाटनाला दादानं स्वतःच्या हातानं नारळ फोडला, मालकाच्या खुर्चीत जरा टेकला... तो अजून उठलेला नाही!