खालचं पाणी

(भर दुपार. होडीत वहिनी आणि तिचा धाकटा दीर. समुद्रतळाशी सोडलेले खेकड्यांचे पिंजरे दोघं वर ओढताहेत.)

दीर : यातलेही गेले. सगळेच्या सगळे.

वहिनी : हलवून तरी बघा, भाऊजी. गारठले असतील.

दीर : गारठलेला खेकडा नांगी आवळतो, वहिनी. ही बघ, नुसती लोंबतेय.

वहिनी : पण पाणी तर केवढं नितळ! ना तवंग, ना वास.

दीर : वरून काय कळणार? सकाळी मत्स्यखात्याच्या बाईंचा फोन आला होता, तो याचाच. शेवाळ माजलं, मेलं, तळाशी जाऊन कुजलं. कुजता कुजता खालच्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन बसलं.

वहिनी : आणि मासे?

दीर : ते पळाले. त्यांना आधीच कळतं म्हणे. धक्क्यापाशी झुंडी नव्हत्या का, तोंडं वर काढून?

वहिनी : मी मेली म्हटलं, आज नशीब उघडलं! खेकड्यांना नाही कळत?

दीर : कळतं की. तेही चालत सुटतात उथळाकडे.

वहिनी : मग हे का नाही गेले?

दीर : वहिनी, पिंजऱ्यात होते ना ते.

वहिनी : हं.

दीर : मनाला लावून घेऊ नकोस. थांब, या दोराला काय चिकटलंय?

वहिनी : अगं बाई! ऑक्टोपस. पिंजऱ्याच्या बाहेरचा आहे. दोर धरून वर आलाय बिचारा.

दीर : राहू दे त्याला तिथेच. तू पिंजरा बघ.

वहिनी : मेलेले... मेलेले... भाऊजी, ही हलतेय!

दीर : खरंच की! मादी आहे. पोटाखाली अंडी बघ केवढी. दे सोडून. अंडीवाली आपण कधी ठेवत नाही.

वहिनी : कुठे सोडू?

दीर : कुठे म्हणजे? पाण्या... हो गं. खरंच, कुठे?

वहिनी : ते ओलं गोणपाट द्या. गुंडाळून सावलीत ठेवते. उथळात सोडू.

दीर : तिथलं पाणी तरी चांगलं असेल कशावरून?

वहिनी : मला काय विचारता! पुढचा दोर घ्या.

दीर : अजून निम्मे पिंजरे खाली आहेत. हात सोलवटलेत तुझे.

वहिनी : तुमचे नाहीत का? ओढा.

दीर : फोन वाजतोय. दादाचा. कंबर धरून पडलाय, पण जीव सगळा इथे. काय सांगू त्याला?

वहिनी : सांगा, एक जिवंत सापडली.

दीर : आणि बाकीचं?

वहिनी : बाकीचं मी घरी गेल्यावर सांगते.