पाव्हणी बाटली

माझं माहेर चकलांब्याचं, दिलं हिकडं सिरसाळ्याजवळ मळ्यात, तवापसून हीच हीर अन हेच पाणी, पर काय सांगू तुमाला, आज माझा पाय ठरंना, माझी लेक सुमी येतीय, पहिल्या बाळंतपणाला, जीप सिरसाळ्याहून सुटलीय, बोलता बोलता उठून पळाले तर राग मानू नका.

ती येणारच नव्हती हो. दिवाळीला आली अन जुलाबानं आडवी झाली, तर इहीणबाई म्हणल्या, पोटुशी पोरगी आमी त्या पाण्यावर धाडणार न्हाई, आधी पाणी तपासा. लई लागलं मनाला. मग गावच्या आशाताईनं बाटली दिली, हिच्यात हिरीचं पाणी भरा, तालुक्याला तपासतेत. आता आपली बाटली परगावी चाललीय, चार साहेब बघणार, म्हणून म्या ती राखेनं घासली, पाणी दुपदरी फडक्यानं गाळलं, तुरटी फिरवली, उकळलं, गार केलं अन मग भरलं. पाव्हण्याला गढूळ पाणी देतंय का कुनी!

कागद आला, पाणी चांगलं. म्या वस्तीभर साखर वाटली. आशाताई म्हणली, मावशी, भरलं कसं? म्या ऐटीत सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, अवो, हे तुमच्या तुरटीचं झालं, हिरीचं न्हाई.

मालक म्हणले, गप ऱ्हा, इहिणीला कोन सांगतंय. पर सुमीच्या पोटात लेकरू व्हतं ना! म्याच फोन लावला, म्हणलं इहीणबाई, कागद खरा हाय पर पाणी खोटं व्हतं, पोरीला धाडू नका. अन फोन ठेवून लई रडले.

दुसरी बाटली खराब निघाली. हिरीला खेटून आमचा उकिरडा, सासऱ्याच्या काळापसूनचा. मालक अडून बसले, कावून हलवायचा? म्हणलं, बारा वर्सांनी उकिरड्याचा बी पांग फिटतो, ह्याचा आज फिटू द्या. टोपलं घेऊन मीच लागले, मग लाजून ते बी आले. गाळ काढला, औषध टाकलं अन तिसरी बाटली, ताईनं दिली तशीच, न घासता भरली. चांगली निघाली हो, खरीखुरी चांगली!

कागद धाडू का इचारलं, तर इहीणबाई म्हणल्या, कागद ऱ्हाऊ द्या, तुमी सांगितलं तेवढं बास.

हॉर्न वाजला का? वाजला! भाकरतुकडा कुठं ठिवला म्या, अन तांब्या? ओवाळून टाकायला हिरीचंच पाणी घेतलंय. तुमचं बी भलं हू द्या बाबा, सरका आता, दार सोडा, माझी सुमी आली.