चिकाचे डाग

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली म्हणून तुम्ही हळहळताय, पण माझी अब्रू काल बहादरपुरात गेली, तिचं आधी ऐका.

शाळेने मला प्रथमोपचार शिकून यायला पाठवलं होतं ना, तेच गावात शिकवायला गेलो. केळीच्या बागेत घड कापणारी मंडळी जमली होती आणि एक जण बांधावर आडवा पडलेला. सदरा सगळा सुकलेल्या रक्ताने काळा-तांबडा! मी ओरडलो, "लांब व्हा!" आणि पिशवीतल्या होत्या नव्हत्या त्या पट्ट्या त्याच्या छातीला गुंडाळत सुटलो. सगळे माना उंच करून बघत होते.

तेवढ्यात तो डोळे चोळत उठला. "काय करता मास्टरसाब? केळीचा चीक आहे हा, धुऊन जात नाही. जेवून जरा पडलो होतो."

लोक पोट धरून हसले. केळीच्या बुऱ्हाणपुरात जन्मलेला मी, आणि चीकच ओळखला नाही; मलाही हसावंच लागलं.

तेव्हा मागे उभे असलेले एक आजोबा दिसले. धोतराच्या सोग्यात हात घट्ट गुंडाळलेला आणि सोगा लाल.

"बाबा, हे काय?"

"विळा लागला."

"कधी?"

"तुम्ही आलात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं शिकवणं चालू होतं ना, मास्टरसाब. मधेच कसं बोलायचं?"

मी पिशवीत हात घातला. एकही पट्टी उरली नव्हती. मग तो झोपेतून उठलेला माणूसच उभ्याने गिरक्या घेत अंगावरची पट्टी मला सोडवून देऊ लागला.

या वेळी कोणी हसलं नाही.