फुसफुसणारा डबा

—छे, बसा हो साहेब, सही काय पळून चाललीय? पाळी आत जायला अजून अर्धा तास आहे. कागद ठेवा इथं — त्या कोपऱ्यात नको, दूध सांडलंय. हं, तर माझा जावई. खाणीत कोळशाच्या भिंतीला खोल भोकं पाडतो, त्यातला चुरा डब्यात भरतो, नि डबा तुमच्या तपासणीच्या खोलीत आणून देतो, बरोबर? कोळशाच्या पोटात वायू किती दडलाय ते त्यावरून कळतं. मला नका समजावू, अक्षर येत नसलं तरी चाळीस वर्षं या खाणीच्या दारात चहा उकळतेय. वायू फार साठला की भिंतच फुटते, पिठासारखा भुगा अंगावर येतो. आमचे मालक तसेच गेले. असू दे ते.

तर आकडा सोमवारपासून उतरलाय म्हणता. सोन्याहून पिवळं! मग द्या की ती भिंत तोडायची परवानगी, अडलंय कुठं? माझा जावई मुकादम होईल. गुणाचा आहे हो — लेक बोलत नाही त्याच्याशी, पण ते वेगळं. का म्हणजे? तिच्या नव्याकोऱ्या टॉवेलानं सायकल पुसली बाबानं! रविवारपासून घरात त्याला घोटभर चहा नाही. म्हणून आता खाणीतून वर आला की आधी माझ्या बाकावर. दोन कप, आणि बायकोची गाऱ्हाणी — सासूपुढं! छाती लागते त्याला. अर्धा तास कुठं जातो कळत नाही. डबा? डबा इथंच, ह्या फळीवर. शेगडीपासून लांब, तेवढी अक्कल आहे मला.

बंदच असतो हो! म्हणजे — असायचा. पण फुसफुसायचा किती मेला! झाकणाच्या कडेनं नुसतं सूं-सूं. सोमवारी एक गिऱ्हाईक बाकावर चढलं, म्हणे आजी, साप! आता धंदा करायचा की सापाचे खेळ? जावई तोंड धुवायला मागं गेला, तेवढ्यात मी झाकण केलं सैल. जरा वेळानं डबा गप्प. मग दिलं परत दाबून, त्याला पत्ताही नाही. हो, रोजच. काल पण. आज सकाळी पण. एवढं काय त्यात, चुरा तर एक कणही सांडला नाही मी —

असं काय बघताय? अहो, कप कलतोय तुमचा.

अगं बाई. म्हणजे ते सूं-सूं — तेच मोजायचं होतं तुम्हाला?

पेन खिशात घाला. आधी घाला म्हणते ना! आकडा उतरला नव्हता, मी उतरवला होता. उठा, खाली न्यायचे दिवे घ्यायला दिव्यांच्या खोलीपुढं रांग लागली असेल, बावीस माणसं आहेत त्या पाळीत — एकालाही आत सोडू नका. आणि हे बघा, कुणाची चूक म्हणून विचारतील, तर जावयाचं नाव काढायचं नाही. म्हणावं, चहावाल्या म्हातारीनं केलं. तिला कामावरून काढतील कसे, ती कामावर होती कधी? — खिसे काय चाचपताय, चहा माझ्याकडून. अहो, चालताय काय असे? पळा!