हात वर, काका

रुचिता : नाही मावशी, काकांच्या मागे नाही बसायचं. इकडे, माझ्याशेजारी या. फोनवर तर तुम्ही कधी दिसतच नाही.

कमळ : अगं बाय, मी काय बघायची वस्तू हाय? तू पेणवरनं एवढी आलीस, आधी पानी तरी घे. तुझं कसरतीचं सेंटर सोडून कशाला तरास घेतलास? फोनवर झालंच असतं की.

रुचिता : पाणी मग. काका, चला. उजवा हात वर. रोज फोनवर करता तसाच.

हिरामण : आज जरा जड वाटतोय, पोरी.

रुचिता : काल तर छान खांद्यापर्यंत गेला होता!

हिरामण : कालचं काल गेलं.

कमळ : वारा बाधला असंल. पंख्याखाली झोपतात, ऐकत न्हाईत.

रुचिता : मावशी, तुमच्या बांगड्या वाजतात.

कमळ : वाजनारच. सवाष्णीच्या बांगड्या न्हाय वाजनार तर कोनाच्या वाजनार?

रुचिता : आत्ताचं नाही म्हणत मी. फोनवर. मी "हात वर, काका" म्हटलं की आधी बांगड्या वाजतात, मग हात उठतो. "खाली" म्हटलं की पुन्हा बांगड्या. परवा मी काकांचा व्हिडिओ कानात वायर घालून ऐकला, तेव्हा लक्षात आलं. काकांच्या हातात तर काही बांगड्या नाहीत.

हिरामण : तुला सांगितलं व्हतं कमळे, तेवढा वेळ काढून ठेव त्या.

कमळ : काढून ठेव म्हनं! नवरा असा बसलेला आनि मी हात उघडे करू? तुमाला लकवा मारला त्या दिसापासून एक बांगडी वाढवली न्हाय मी, आनि काढायची भाषा करता?

रुचिता : म्हणजे हात तुम्ही उचलत होतात.

कमळ : उचलत न्हाय गं. टेकू. कोपराखाली नुसता टेकू. फोनमध्ये यांचं तोंड नि छाती येते, मी मागं बसते, कोनाला काय दिसतंय?

रुचिता : मावशी, मला राग आलाय. खरंच आलाय. मी तुमचा व्हिडिओ सेंटरवर सगळ्यांना दाखवला. बघा म्हटलं, हिरामणकाका घरबसल्या फोनवर किती सुधारले! म्हसळ्याच्या काशीमावशी आहेत, त्यांनाही मी तोच पाठवला. त्या रडल्या हो. म्हणाल्या, मीच आळशी असेन, माझाच हात का नाही उठत.

कमळ : अगं देवा! ती बिचारी मनाला लावून बसली?

रुचिता : का केलंत असं? जमत नाही म्हटलं असतंत तर मी काय ओरडणार होते?

कमळ : तू ओरडनार नव्हतीस. तू बोलावनार व्हतीस. सुरुवातीला येत व्हतो ना पेणला? आमचा पोरगा परेश गाडी करून न्यायचा. जायचं, नंबर लावायचा, यायचं, सगळा दीस त्यातच. तिकडं शेठ फोनवर फोन करायचा, ट्रेलर उभा हाय, डायवर कुठं गेला? शेवटी दिला ट्रेलर दुसऱ्याच्या हातात. आता माझा परेश बदलीवर फिरतो, आज ह्याची गाडी, उद्या त्याची. तू म्हनालीस फोनवर शिकवते, तर मी देवापुढं साखर ठेवली. मग हात न्हाय उठत असं दिसलं असतं तर तू पुन्हा यायला लावलं असतंस. पोराला किती वेळा रस्त्यावर आनू?

रुचिता : हे मला सांगायचं होतं ना.

कमळ : काय सांगायचं? गरिबी का सांगायची असते?

हिरामण : कमळे, बास. पोरगी आपल्या दारात आलीय. आनि सगळं परेशवर नको ढकलू. मला काय पेणला जायचं न्हवतं असं न्हाय. मला आवडायचं.

कमळ : आवडायचं? गाडीत कण्हत असायचा!

हिरामण : कण्हत व्हतो, पन खिडकीत बसून. आपलं मिठाचं आगर दिसायचं ना वाटेत. आता तिथं कंटेनर उभे हायत, पन मला बरोबर कळायचं, हा आपला वाफा, हा धाकट्या काकाचा. आनि सेंटरवर तो विनेश मास्तर यायचा. त्याचा डावा गेलेला, माझा उजवा. तो म्हनायचा, दोघं मिळून एक मानूस होतो आपन, चल, टाळी वाजवू. काय हसायचो! फोनवर कोन हसतो? फोन आला की मी आपला शाळेतल्या पोरासारखा गुमान बसायचो.

रुचिता : मास्तर अजून विचारतात तुम्हाला. बरं, काका, हात द्या माझ्याकडे. सैल सोडा. आता मला ढकला. मावशी, तुम्ही नाही. लांब राहा.

कमळ : लांबच हाय.

रुचिता : ढकला. आणखी. थांबा, पुन्हा एकदा. काका!

हिरामण : काय झालं?

रुचिता : दंडात जोर आहे. इथे, माझ्या बोटाखाली हललं. चांगलं हललं. हे मला फोनवर जन्मात कळलं नसतं. मग तुम्ही लावत का नाही जोर?

हिरामण : ही लावते ना.

रुचिता : म्हणून तुम्ही नाही लावायचा? काका, हात वापरला नाही तर तो विसरतो. हे सुरुवातीचे महिने गेले की परत आणणं फार कठीण. घास भरवून घ्यावा लागेल, कायमचा. मग काय?

हिरामण : सांगू? हसशील.

रुचिता : नाही हसणार.

हिरामण : मिठाचा हंगाम लागायच्या आधी वाफ्याचा तळ तुडवायला लागतो. चिखल दगडासारखा व्हईस्तोवर. सगळ्यांनी रांग धरायची, पुढच्याच्या खांद्यावर उजवा हात, आनि एका तालात पाय. लगीन झालं त्याच साली ही माझ्या पुढं उभी राहिली. घरात आईबापासमोर बायकोशी शब्द बोलायची चोरी. आगरात मात्र दिसभर माझा हात हिच्या खांद्यावर, सगळ्या गावादेखत, आनि कोनी काय बोलायचं न्हाय. काम हाय ते!

कमळ : अवो, पोरीसमोर काय बोलता!

हिरामण : पोरगी डाक्टर हाय, तिला सगळं लागतं. मग आगर गेलं. पोरं, नातवंडं, हिची चूल. हिनं माझा हात धरला कधी? ह्या दुखन्यानं धरला. फोन लागला की ही मागं येऊन बसते, कोपर धरते. चांगला गरम हात हाय हिचा. मला वाटायचं, माझा हात आपसूक उठायला लागला तर ही उठून जाईल भाकऱ्या थापायला.

कमळ : हे मला कधी बोलला न्हाईत.

हिरामण : बोलायची सवय कुठं हाय आपल्याला?

कमळ : मी पोराला वाचवते म्हनून उचलत व्हते. आनि तुमी असे बसलेले!

रुचिता : मावशी, डोळे पुसा. ऐका माझं. दर वेळी पेणला या असं मी नाही म्हणत. परेशदादाचं काम जायला नको. महिन्यातून एकदा मी येते, मधले दिवस फोनवर. पण फोन लांब, त्या खांबाला टेकवून ठेवायचा. दोघंही पायापासून डोक्यापर्यंत दिसायला हवेत. आणि काशीमावशींना उद्या काकांनी स्वतः फोन करायचा, खरं सांगायचं.

हिरामण : करतो. माझ्या तोंडानं सांगतो.

रुचिता : आता मावशी, मागे नाही बसायचं. पुढे उभ्या राहा. आगरात उभ्या राहायचात तशा.

कमळ : आता? ह्या वयात?

हिरामण : उभी राहा गं. काम हाय ते.

(कमळ त्याच्याकडे पाठ करून पडवीत उभी राहते. रुचिता हिरामणला डाव्या बाजूने धरून उठवते.)

रुचिता : डावा हात माझ्या खांद्यावर. पाय रोवा. हं. आता उजवा, काका, तुमचा तुम्ही. मावशी, बांगड्या ऐकू येता कामा नयेत.

कमळ : पदराला धरून उभी हाय मी. कुठवर आला?

रुचिता : कमरेपाशी. थांबलाय. घाई नको, काका.

कमळ : जड जातोय काय? मी जरा गुडघ्यात वाकते, म्हंजे त्यांना...

हिरामण : वाकू नको, कमळे. तवा वाकली व्हतीस काय? तिथंच उभी राहा. पोचतो मी.