रॅमचा स्पीड

माह्यापुढं रॅमचा स्पीड वाढवायची गोष्ट काढू नका बे. कॉम्प्युटरवर गेम अडकत होता म्हणून मीबी सेटिंगमध्ये जाऊन वाढवला होता. दोस्त म्हणे, "टेस्ट लावून पाह्य, नाहीतर फायली खराब होतात." मी म्हटलं, "गेम मस्त चालून राह्यला ना, मंग?"

त्याच हप्त्यात बाबाच्या मोबाइलमधले सगळे फोटो कॉम्प्युटरवर टाकले अन् मोबाइल साफ केला.

दोन महिन्यांनी बाबा गेले. तेरवीसाठी फोटो मोठा कराले मेहकरले गेलो. स्टुडिओवाला म्हणे, "याच्यात तोंडावर नुसते पट्टे हायेत. दुसरा दे."

सगळेच तसे होते.

शेवटी आधारकार्डावरचा फोटो मोठा केला. आई रोज त्याले हार घालते अन् म्हणते, "हे असे नव्हते रे."